अंगदुखीवरील मलमे : उपयोग आणि मर्यादा

आषाढ लागला, की गोव्यातील खेर आणि मोरड शेतांत भाताच्या लावणीची एकच घाई उडते. सकाळपासून गुडघाभर चिखलात, कंबरेत वाकून रोपे लावणारी माणसे दिवेलागणीला घरी परततात, तेव्हा हातपाय धुऊन झाल्यावर पहिली शोधाशोध होते ती कोनाड्यातील मलमाच्या बाटलीची. किनाऱ्यावर जाळे ओढणारा, माडावर चढणारा रेंदेर, दिवसभर आदोळीवर नारळ खवणारी गृहिणी, फळ्यावर हात उंच धरून लिहिणारे शिक्षक आणि फायलींवर मान वाकवून बसणारे कारकून या सर्वांच्या घरी ही बाटली असतेच. कोणत्याही डॉक्टरला न विचारता ज्या औषधाचा सर्रास उपयोग होतो, अशा औषधांत मलमाचा क्रमांक फार वरचा लागेल. ते स्वस्त आहे, पोटात घ्यावे लागत नाही आणि लावताक्षणी काहीतरी घडल्याची जाणीव होते. मात्र ही जाणीव म्हणजेच रोग बरा होणे, असा समज करून घेतल्यामुळे कित्येकदा मोलाचा वेळ हातचा जातो. मलम नेमके काय करते, हे समजून घेण्याची आवश्यकता आहे ती त्यासाठीच.

बाटलीत काय असते?

बाजारातील कोणत्याही वेदनाशामक मलमाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचून पाहिली, तर तीच ती चार-पाच नावे पुनःपुन्हा आढळतात : पुदिन्याचे फूल, कापूर, गंधपुरा तेल, नीलगिरी तेल, आणि क्वचित ओव्याचे फूल, लवंग किंवा दालचिनीचे तेल. ही द्रव्ये मेण किंवा व्हॅसलीनसारख्या स्निग्ध पदार्थात विरघळवलेली असतात. तो स्निग्ध पदार्थ स्वतः वेदना कमी करीत नाही. उडून जाणाऱ्या द्रव्यांना त्वचेवर धरून ठेवणे एवढेच त्याचे काम.

पुदिन्याचे फूल म्हणजे पुदिन्याच्या एका जातीच्या तेलातून थंडीने गोठवून काढलेले पांढरे स्फटिक होत. इंग्रजीत त्यास मेंथॉल म्हणतात. या पुदिन्याची लागवड उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या आसपास फार मोठ्या प्रमाणावर होते आणि जगातील मेंथॉलचा मोठा भाग भारतातूनच जातो. कापूर पूर्वी कापराच्या झाडाच्या लाकडापासून ऊर्ध्वपातनाने काढीत. आता तो बहुतांशी टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो. गंधपुरा हे नीलगिरीच्या आणि ईशान्य भारताच्या डोंगरांत उगवणारे झुडूप. त्याच्या पानांतील तेल म्हणजे जवळजवळ शुद्ध मेथिल सॅलिसिलेट, अर्थात ॲस्पिरिनचे सख्खे भावंड. हेही आता प्रायः कारखान्यातच बनते. नीलगिरीचे झाड मात्र मूळचे ऑस्ट्रेलियाचे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ते नीलगिरी पर्वतावर लावले आणि आपल्या लोकांनी पर्वताचे नाव झाडाला देऊन टाकले.

पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल आणि कापूर हे तिन्ही घन पदार्थ एका कोरड्या बाटलीत घालून हलविले, तर उष्णता न देताही थोड्याच वेळात त्यांचे पाणी होते. अनेक घरांत ‘अमृतधारा’ म्हणून ठेवलेली औषधी ती हीच. मिश्रणाचा द्रवणबिंदू घटकांच्या द्रवणबिंदूपेक्षा खाली येतो, हा विज्ञानाच्या पाठातील नियम शिक्षकांना याहून सोप्या रीतीने दाखविता येणार नाही. परंतु पाण्यासारखी दिसणारी ही बाटली लहान मुलाच्या हाती लागल्यास काय होते, तेही पुढे सांगावे लागणार आहे.

आपल्या देशात तयार बाटलीतील मलमाचा प्रसार झाला तो मुंबईहून. काशीनाधुनी नागेश्वरराव या आंध्रातील गृहस्थांनी १८९३ मध्ये मुंबईत ‘अमृतांजन’ हा पिवळा बाम बनविण्यास आरंभ केला. संगीताच्या मैफलींत ते त्याच्या बाटल्या फुकट वाटीत, असे सांगितले जाते. पुढे धंदा मद्रासला गेला, तरी खंडाळ्याच्या घाटातील जुन्या पुलाला त्यावरील जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ हेच नाव चिकटले. एप्रिल २०२० मध्ये तो पूल पाडण्यात आला, पण ठिकाणाची खूण म्हणून नाव राहिले. जहाजावर किंवा आखातात नोकरी करणारे गोमंतकीय सुट्टीवर येताना वाघाचे चित्र असलेली जी षट्कोनी बाटली आणतात, तिचा उगम ब्रह्मदेशातील रंगूनच्या एका चिनी औषधविक्रेत्याच्या घरात झाला. नावे आणि चित्रे निराळी असली, तरी वर सांगितलेल्या चार-पाच द्रव्यांच्या बाहेर यांतील कोणतेही मलम फारसे जात नाही.

वेदना कमी होते ती कशी?

मलम चोळल्यावर ते ‘हाडापर्यंत मुरते’ असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः त्याचे मुख्य कार्य त्वचेतच चालते. त्वचेत ज्ञानतंतूंची असंख्य टोके पसरलेली असून त्यांतील काही थंडी ओळखतात, काही उष्णता, काही स्पर्श व दाब आणि काही वेदना. थंडी ओळखणाऱ्या टोकांवर एक सूक्ष्म झडप असते. तापमान उतरले, की ती उघडते आणि मेंदूकडे ‘गार’ असा निरोप जातो. मेंथॉलचा कण ही झडप तापमान न उतरताच उघडतो. पुदिन्याचे मलम लावलेल्या मनगटावर आणि न लावलेल्या मनगटावर तापमापक ठेवून वर्गात पाहता येईल : गारवा वाटतो, पारा मात्र म्हणण्यासारखा खाली येत नाही. मिरचीतील तिखट द्रव्य त्याचप्रमाणे उष्णता ओळखणारी झडप उघडते. मिरची खाल्ल्यावर तोंड ‘भाजते’ ते याच कारणाने. ही उष्णतेची झडप १९९७ मध्ये आणि थंडीची २००२ मध्ये शोधली गेली. त्यांच्या संशोधनात अग्रभागी असलेले डेव्हिड ज्युलियस यांना स्पर्श व दाब यांवर काम करणारे आर्डेम पॅटापुटियन यांच्या समवेत २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आता गार किंवा ऊन वाटल्याने दुखणे कमी का व्हावे? कोपर भिंतीवर आपटले, की मूल आपोआप ते दुसऱ्या हाताने चोळू लागते. त्याला हे कोणी शिकविलेले नसते. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये याचे स्पष्टीकरण मांडले. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. स्पर्शाचे निरोप तेथे गर्दीने येऊ लागले, की वेदनेच्या निरोपांना वाट कमी मिळते. त्यांच्या मांडणीतील बारकावे पुढे बदलले, तरी मुख्य कल्पना टिकून राहिली. मलमाचा गारवा, त्याची चुणचुण आणि चोळणाऱ्या हाताचा दाब हे सर्व मिळून या फाटकावर गर्दी करतात. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून जागा लाल व उबदार होते, हा आणखी एक परिणाम. घरातील माणसाने पाच मिनिटे आपुलकीने पाठ चोळून दिली, तर केवळ खोबरेल तेलानेही बरे वाटते ते उगीच नव्हे.

अर्थात हा आराम खोटा नाही. श्रमाने आखडलेल्या स्नायूंचे दुखणे दोन-चार दिवसांत आपण होऊन जाणारेच असते. तोवर माणसाला झोप लागावी, हातपाय हलविता यावेत, एवढे काम मलम चोख करते. चूक होते ती पुढे. वेदनेचा निरोप दबला, म्हणून निरोप पाठविणारे कारणही गेले, असे मानले जाते.

मिरचीच्या द्रव्याची गोष्ट थोडी निराळी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेली ही मिरची आज गुडघ्याच्या झिजेवरील मलमात कॅप्सेसिन या नावाने येते. त्याचे प्रमाण शेकडा ०.०२५ ते ०.०७५ एवढे अल्प असते. ते रोज तीन-चार वेळा याप्रमाणे काही आठवडे लावल्यावर वेदना नेणारे तंतू हळूहळू थंडावतात, म्हणून पहिल्या दोन दिवसांच्या आगीने घाबरून ते सोडून देणाऱ्यास त्याचा लाभ मिळत नाही. मात्र घरातील मिरचीपूड तेलात कालवून गुडघ्यावर थापणे हा त्यास पर्याय नव्हे. तिच्यातील तिखटाचे प्रमाण मोजलेले नसते आणि त्वचा सोलून निघते.

नळीतील जेल

अलीकडे औषधांच्या दुकानांत डायक्लोफिनॅकसारख्या औषधांची जेल नळीत मिळते. बामच्या शेजारी ठेवलेली असली, तरी तिची जात वेगळी. डायक्लोफिनॅक त्वचेतून खालच्या स्नायू व सांध्यापर्यंत काही प्रमाणात पोहोचते आणि सूज निर्माण करणाऱ्या रसायनांची निर्मितीच कमी करते. म्हणजे येथे केवळ निरोप दबत नाही, कारणाच्या एका भागावरही काम होते. मुरगळा, लचक, मुका मार यांवर तिचा गुण चांगला येतो. गुडघ्याच्या जुनाट झिजेवर मात्र अपेक्षा बेतानेच ठेवावी. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये घेण्यात आला. त्यात औषधी जेल लावणाऱ्या शंभरांपैकी सुमारे साठ जणांचे दुखणे बरेच कमी झाले, तर औषध नसलेली तशीच जेल लावणाऱ्यांपैकीही सुमारे पन्नास जणांना तेवढाच आराम मिळाला. फरक आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही.

तिचा खरा फायदा असा, की गोळीच्या मानाने रक्तात उतरणारा अंश फारच थोडा, सुमारे शेकडा सहा एवढाच असतो. म्हणून जठरात व्रण होणे किंवा मूत्रपिंडावर ताण येणे हे धोके पुष्कळ कमी होतात. वयस्कर माणसाने गुडघ्यासाठी महिनोन्महिने गोळ्या गिळण्यापेक्षा जेल लावणे श्रेयस्कर ठरते ते याच हिशेबाने. तथापि ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्यांना ॲस्पिरिनने दमा उठतो, आणि ज्या स्त्रिया गरोदर आहेत, विशेषतः पाच महिन्यांनंतर, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ती वापरू नये. केटोप्रोफेन असलेली जेल लावून उन्हात काम केल्यास त्वचेवर फोड उठू शकतात. शेतात जाणाऱ्यांनी नळीवरील नाव त्यासाठी अवश्य पाहावे.

येथे एक गोष्ट ओघाने नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. हेच डायक्लोफिनॅक गुरांना टोचल्यामुळे आणि अशा गुरांची कलेवरे खाल्ल्यामुळे देशातील गिधाडे जवळजवळ नामशेष झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याचा वापर बंद करण्यात आला. माणसांसाठी मिळणारे डायक्लोफिनॅक लंगड्या बैलासाठी वापरण्याचा मोह म्हणूनच टाळला पाहिजे.

कोणत्या दुखण्यावर मलम चोळू नये?

सर्वांत महत्त्वाचे दुखणे छातीचे. छातीत मध्यभागी दाबल्यासारखे किंवा आवळल्यासारखे होणे, दुखणे डाव्या खांद्याकडे, दंडाकडे, जबड्याकडे, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागाकडे सरकणे, सोबत गार घाम, मळमळ किंवा धाप लागणे, ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. रात्री असे दुखू लागले, की ‘वात धरला असेल’ किंवा ‘वजन उचलल्याने भरले असेल’ असे म्हणून घरची मंडळी छातीवर मलम चोळतात, ओव्याचा शेक देतात आणि उजाडण्याची वाट पाहतात. चोळण्याने क्षणभर बरे वाटते आणि तोच क्षण घातक ठरतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या काही तासांतच उत्तम काम करते. प्रत्येक तासागणिक हृदयाचा आणखी थोडा स्नायू कायमचा मरतो. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत दुखणे सौम्य असू शकते किंवा केवळ धाप व थकवा एवढेच जाणवते. अशा वेळी मलमाची बाटली शोधण्याऐवजी १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. गोव्यात, तसेच महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश आणि तेलंगणातही रुग्णवाहिकेसाठी हाच क्रमांक आहे. गोव्यात हृदयालेख काढून तो बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांना दाखविण्याची आणि गुठळी विरघळविणारे औषध जवळच्याच केंद्रात देण्याची योजना राबविण्यात आली आहे. तिचा उपयोग वेळेवर येणाऱ्यालाच होतो.

दुसरे दुखणे लावणीच्या हंगामातले आहे आणि ते श्रमाच्या दुखण्यात बेमालूम मिसळून जाते. उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून शेताच्या साचलेल्या पाण्यात उतरलेले लेप्टोस्पायरा जंतू पायांच्या भेगांतून आणि जखमांतून शरीरात शिरतात. साधारण एक ते दोन आठवड्यांनी एकाएकी ताप चढतो, डोके ठणकते, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या इतक्या दुखतात, की हात लावू देववत नाही. लावणी करणाऱ्याच्या पोटऱ्या दुखण्यात नवल ते काय, असे वाटून त्यांना मलम चोळले जाते. तापावर एखादी गोळी घेतली जाते. चार दिवसांनी डोळे पिवळे होतात किंवा लघवी कमी होते, तेव्हा मूत्रपिंड, यकृत आणि कधी फुप्फुसे यांवर आघात होऊन चुकलेला असतो. आरंभीच ओळखल्यास हा रोग साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : श्रमाने दुखणाऱ्या पोटरीसोबत ताप नसतो. पावसाळ्यात शेतात उतरलेल्या माणसाला ताप आणि पोटऱ्यांचे दुखणे एकदम सुरू झाले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे आणि आपण चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना न विचारता सांगावे.

एकाच पायाची पोटरी सुजून, ताठ व गरम होऊन दुखत असेल, विशेषतः बाळंतपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यानंतर, तर ती मुळीच चोळू नये. आतील शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. पडल्यानंतर पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडल्याची शंका घेऊन क्ष-किरण तपासणी करावी. कंबर दुखत असताना पाय बधिर होणे, पायातील शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे ही तातडीची लक्षणे होत.

अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारख्या भागात जळजळ आणि ठणका सुरू होऊन दोन-तीन दिवसांत तेथे पाण्याचे फोड उठतात, त्या नागिणीच्या विकारातही आरंभी मलमच चोळले जाते. फोडांवर मलम, शेंदूर, गेरू यांपैकी काहीही लावू नये. या रोगावरील गोळ्या फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरतात.

लहान मुले आणि मलमाची बाटली

लावण्याचे मलम पोटात गेले, तर ते विष आहे, ही गोष्ट फारच थोड्या घरांत माहीत असते. कापूर मेंदूला चेतवितो. कापराचे तेल चमचाभर पोटात गेले, तरी लहान मुलाला काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. अशा दुर्घटनांमुळे अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी कापराच्या तेलाची विक्री थांबविण्यात आली आणि मलमातील कापरावर शेकडा अकराची मर्यादा घालण्यात आली. आपल्याकडे देवघरातल्या कापराच्या वड्या रांगत्या मुलाच्या हाताशी असतात आणि त्या साखरेसारख्या दिसतात.

गंधपुरा तेल तर याहून भयंकर. शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, सुमारे सात ग्रॅम ॲस्पिरिनइतके विष असते. नेहमीच्या वीसहून अधिक गोळ्या होतील एवढे. त्याचा वास गोड आणि गोळ्या-चॉकलेटसारखा असल्याने मूल ते आवडीने तोंडाला लावते. वांती, कानात आवाज, जोराचा श्वास, गुंगी आणि झटके हा त्यापुढचा क्रम. अशा वेळी मुलाला मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. ओकताना झटका आल्यास द्रव फुप्फुसात जातो. सरळ इस्पितळ गाठावे.

सर्दीने चोंदलेल्या तान्ह्या बाळाच्या नाकपुडीत बोटाने बाम लावण्याची सवय अनेक आज्यांना असते. हेतू मायेचा असला, तरी मेंथॉल व कापराच्या उग्र वाफेने बाळाचा श्वासच एकाएकी अडकू शकतो. दोन वर्षांखालील मुलाला असे मलम छातीला, पाठीला किंवा नाकाला, कोठेच लावू नये.

वयस्करांपैकी जे रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरीन हे औषध घेतात, त्यांनीही गंधपुऱ्याच्या मलमापासून दूर राहावे. मोठ्या भागावर रोज चोळल्यास त्याचा अंश रक्तात उतरून औषधाचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो.

बिब्बा, निर्गुडी आणि घरगुती उपाय

घरगुती उपायांत चांगले आणि घातक दोन्ही आहेत. गरम पाण्यात उकळलेल्या निर्गुडीच्या पाल्याचा शेक, मिठाच्या पुरचुंडीचा शेक किंवा कोमट तेलाने हलकी मालिश यांत काही वाईट नाही. आखडलेल्या पाठीला ऊब मानवते. ताज्या मुरगळ्यावर मात्र पहिले दोन दिवस शेक व मालिश न करता गार पाण्याची पट्टी ठेवावी, कारण आत फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या उष्णतेने अधिक वाहतात. कोकमाच्या बियांचे भिरंडेल पायाच्या भेगांसाठी उत्तम. सांध्याच्या दुखण्यावर त्याने विशेष काही होत नाही.

बिब्बा ही गोष्ट वेगळी. दुखऱ्या गुडघ्यावर किंवा कंबरेवर बिब्ब्याचे तेल टोचून ठिपके उठविण्याची रीत कोकणात, घाटावर आणि बेळगावकडील खेड्यांत आजही आढळते. बिब्बा हा काजूच्या आणि आंब्याच्या कुळातला. त्याचे काळे तेल आणि काजूच्या टरफलातील तेल ही दोन्ही त्वचेला जाळणारी. धोब्याच्या कपड्यावर न जाणारी खूण करण्यासाठी ज्याचा उपयोग होत असे, ते तेल त्वचेवरही तशीच खूण ठेवते. कित्येकांच्या अंगावर दुसऱ्या दिवशी फोड उठतात, अंग सुजते, खाज पसरते आणि फोड चिघळून महिनाभर चालणारी जखम होते. मधुमेही माणसाच्या पायावर अशी जखम झाली, तर पाय गमावण्याचीही वेळ येते. दुखणे विसरायला होते हे खरे, पण ते नव्या दुखण्यापुढे जुने फिके पडते म्हणून. तापलेल्या सळईने डाग देणे हाही त्याच जातीचा उपाय.

जत्रेत आणि आठवड्याच्या बाजारात लेबल नसलेल्या बाटल्यांतून ‘सांधेदुखीवर रामबाण’ तेल विकले जाते. त्यात काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. काही पारंपरिक तेलांत बचनाग व धोतरा यांसारखी विषारी द्रव्ये विधिपूर्वक घातलेली असतात. ती जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली आणि केवळ बाहेरून लावण्यासाठी असतात. स्वयंपाकघरातील तेलांच्या बाटल्यांजवळ ती ठेवू नयेत.

लावण्याची रीत

वाटाण्याएवढे मलम एका गुडघ्याला पुरते. अंग धुऊन, कोरडे करून, न कापलेल्या व न खरचटलेल्या त्वचेवर ते हलक्या हाताने चोळावे. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा अधिक लावू नये. लावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यांवर बाम लावणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. तेथे बोटे कोरडी ठेवून बुरशीवरील मलम लावावे लागते.

मलम लावलेल्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, विजेचा शेक देऊ नये आणि वरून घट्ट पट्टीही बांधू नये. दोन उपाय एकत्र केल्याने गुण दुप्पट येईल, ही कल्पना फसवी आहे. उष्णतेने आणि बांधण्याने द्रव्य झपाट्याने आत शिरते आणि त्वचा भाजते. केवळ मेंथॉल व मेथिल सॅलिसिलेटच्या मलमांनीही क्वचित त्वचा गंभीरपणे भाजल्याची प्रकरणे आढळल्यावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये इशारा दिला होता. चुणचुण अपेक्षित आहे, आग नव्हे. आग होऊ लागताच कोरड्या फडक्याने मलम पुसून साबणाने जागा धुवावी. नुसत्या पाण्याने ते निघत नाही. लावून झाल्यावर हात धुण्यास विसरू नये. न धुतलेला हात डोळ्याला लागला, की रात्रीची झोप जाते.

सात दिवस नियमाने लावूनही दुखणे तेथेच असेल, वाढत असेल, रात्री झोपेतून उठवीत असेल किंवा सोबत ताप आणि वजनात घट असेल, तर आरोग्य केंद्रात दाखवावे. तेथे जाताना वापरीत असलेली मलमाची बाटली किंवा नळी, आणि मुलाने काही गिळले असल्यास ती बाटली उरल्या औषधासह, बरोबर न्यावी. लेबल फाटलेले असले, तरी बाटली फेकून देऊ नये. तिच्या वासावरून आणि किती रिकामी झाली यावरूनही डॉक्टरांना पुष्कळ कळते.